सुईनें केलेली सही

राजकारणांत सुईचें नांव निघालें म्हणजे आपणांस प्रथम दुर्योधन आठवतो. सुईच्या अग्रावर मावेल इतकीही भूमि पांडवांस द्यावयाची नाहीं, असें त्यानें शिष्टाईस आलेल्या श्रीकृष्णाला सांगितलें, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. त्या कथेंत सुई ही क्षुद्रतेची परिसीमा आहे. तिच्या टोंकाहून लहान असें कांहीं नाहीं, म्हणूनच तेवढेंही नाकारण्यांत दुर्योधनाच्या मदाची कमाल दिसून येते. परंतु ज्यांना राज्यकर्त्यांनीं सुईच्या अग्राइतकाही राजकीय अधिकार देण्याचें नाकारलें, त्यांनीं तीच सुई हातांत घेऊन आपला हक्क जगापुढें मांडला, असेंही इतिहासांत घडलेलें आहे. त्या हकीकतीकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यांत वेस्ट होथली नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथील 'प्रीस्ट हाउस' या जुन्या घरांत आतां एक संग्रहालय असून, त्यांत इतर वस्तूंबरोबर एक कापडी रुमाल जपून ठेवलेला आहे. रुमाल दिसावयास साधा. कलाकुसर पाहूं जाणाऱ्यास त्यांत विशेष असें कांहीं सांपडणार नाहीं. परंतु त्यावर दोऱ्यानें सहासष्ट स्त्रियांच्या सह्या आणि आणखी दोघींचीं आद्याक्षरें भरलेलीं आहेत. हा रुमाल इ. स. १९१२ च्या मार्च महिन्यांत लंडनच्या हॉलोवे तुरुंगांत तयार झाला. मतदानाचा हक्क मागतां मागतां ज्यांनीं दुकानांच्या व सरकारी कचेऱ्यांच्या कांचा फोडल्या, आणि त्याबद्दल ज्यांना शिक्षा झाल्या, अशा स्त्रियांचीं तीं नांवें आहेत. मध्यंतरीं कित्येक वर्षें या रुमालाची कोणास दादही नव्हती. जुन्यापुराण्या सामानाबरोबर तो नाहींसा व्हावयाचा, तो थोडक्यांत वाचला.

हा रुमाल पाहून एक प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. बंदिवासांत, चोरून मिळविलेल्या वेळांत आणि अपुऱ्या उजेडांत, या स्त्रियांना फुलें, वेली किंवा एखादें सुभाषित न भरतां आपलीं नांवें भरावीं असें कां वाटलें? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास स्त्रियांच्या राजकीय लढ्याचा एक पदर असा उलगडतो कीं, जो कायद्यांच्या इतिहासांत सहसा दिसत नाहीं.

आम्ही आज तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्लंडचा इतिहास शिकवीत आहों. १८३२, १८६७ व १८८४ या तीन सुधारणा-कायद्यांनीं मतदारांचा वर्ग कसा वाढत गेला, मध्यमवर्ग, शहरांतील कामकरी आणि खेड्यांतील मजूर यांच्या हातीं मत क्रमाक्रमानें कसें आलें, हें आम्हीं विद्यार्थ्यांना फळ्यावर कोष्टकें काढून शिकविलें. परंतु याच मालिकेंतील पहिल्या, म्हणजे १८३२ च्या कायद्यांत, मतदाराच्या वर्णनामध्यें 'पुरुष' हा शब्द स्पष्टपणें घालण्यांत आला, ही गोष्ट मात्र आम्ही ओझरती सांगून पुढें जात असूं. त्यापूर्वीं स्त्रिया मत देत होत्या असें नव्हे. परंतु पूर्वीं जें रूढीनें चालत होतें, त्यावर त्या सालीं कायद्याची मोहोर उठली. जो कायदा एकाला दार उघडतो तोच दुसऱ्याला आंतून कडी लावतो, हा विचार आमच्या कोष्टकांत कोठेंच बसत नव्हता. प्रस्तुत लेख हा अंशतः त्या उणिवेची भरपाई आहे असें समजावें.

सुई ही मूळची बंडखोराच्या हातांतली वस्तु नव्हे. किंबहुना ती आज्ञाधारकपणाचें शिक्षण देण्याचें साधन होती. इंग्लंडांत कित्येक पिढ्या अशी वहिवाट होती कीं, मुलगी थोडी जाणती झाली कीं तिच्यापुढें कापडाचा एक तुकडा ठेवावयाचा आणि त्यावर तिच्याकडून मुळाक्षरें, अंक, एखादें धार्मिक वचन आणि कडेनें वेलबुट्टी भरून घ्यावयाची. या नमुन्याला 'सँप्लर' असें म्हणत. अगदीं खालीं ती मुलगी आपलें नांव, वय आणि साल घालीत असे. म्हणजे कित्येक मुलींनीं आपलें नांव प्रथम लिहिलें असेल तें दोऱ्यानेंच. परंतु वरचा उपदेश दुसऱ्याचा आणि खालचें नांव तेवढें तिचें, अशी ती व्यवस्था होती. मान खालीं, नजर कापडावर, बोलणें बंद आणि हात चालते, ही जी बसण्याची रीत, तिच्यांतच स्त्रीशिक्षणाचें सार आहे असें त्या काळच्या वडील मंडळींस वाटत असे. तें खालचें नांव म्हणजे त्या शिक्षणाची पोंचपावतीच होय.

या पद्धतींतूनच एक विलक्षण वस्तु निर्माण झाली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत इ. स. १८३० च्या सुमाराचें एक वस्त्र आहे. तें एलिझाबेथ पार्कर नांवाच्या ससेक्समधील एका गरीब मुलीनें भरलेलें आहे. त्यावर वेल नाहीं, फूल नाहीं, रंगांची योजना नाहीं. पांढऱ्या कापडावर केवळ लाल रेशमाच्या बारीक फुल्यांनीं ओळीमागून ओळ अशी अक्षरें भरलेलीं आहेत. घरकामास ठेवलेली ही मुलगी. धन्यानें तिला कसें छळलें, आपला जीव द्यावा असें तिच्या मनांत कसें आलें, आणि त्या विचाराच्या पापाचें भय तिला कसें वाटलें, हें सारें तिनें टांक्यांनीं सांगितलें आहे. आपणांस लिहितां येत नाहीं म्हणून आपण हें असें मांडतों, अशा अर्थानें ती आरंभ करते. शेवटचें वाक्य तर पुरें झालेलेंच नाहीं. तें मध्येंच तुटलेलें आहे आणि खालीं कापड कोरें आहे. पुढें हीच मुलगी शाळेंत शिक्षिका झाली, हें वाचून आपणांस हायसें वाटतें. या वस्त्रांत राजकारण नाहीं हें खरें. परंतु दुसऱ्याचा उपदेश भरण्यासाठीं दिलेल्या सुईनें स्वतःची हकीकत सांगतां येते, हा शोध त्यांत आहे. आणि पुढच्या सर्व गोष्टी त्या शोधांतून निघाल्या आहेत.

सार्वजनिक कार्यांत सुईचा उपयोग प्रथम झाला तो दुसऱ्यांच्या दुःखासाठीं. वेस्ट इंडीज बेटांतील उंसाच्या मळ्यांवर गुलामांकडून काम करवून घेतलें जाई, आणि ती साखर इंग्लंडांत घरोघर चहांत पडे. १८२५ सालीं बर्मिंगहॅमच्या परिसरांतील स्त्रियांनीं गुलामगिरीविरुद्ध एक मंडळ काढलें. या मंडळांतील बायकांनीं हातानें पिशव्या शिवल्या, त्यांवर गुलामांच्या दैन्याचीं चित्रें घातलीं आणि आंत पत्रकें भरून त्या विकल्या व वांटल्या. पिशव्यांचें कापड गुलामांच्या श्रमाचें असूं नये म्हणून तें पूर्वेकडचें, म्हणजे आपल्या हिंदुस्थानच्या व्यापारांतलें, निवडण्यांत आलें. घरांत कोणती साखर आणावी आणि अंगावर कोणतें कापड घालावें, हें ठरविणें बायकांच्या हातीं होतें. त्यामुळें बहिष्काराचें शस्त्र त्यांना आपोआप साध्य झालें. १८३३ सालीं गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला. त्या यशांत या स्त्रियांचा वांटा होता. परंतु ज्या पार्लमेंटानें तो कायदा केला, त्यांतील एकही सभासद निवडण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

स्वतःच्या हक्कासाठीं त्यांनीं प्रथम सुई नव्हे, लेखणीच उचलली होती. १८६६ सालीं सुमारें पंधराशें स्त्रियांनीं सह्या केलेला एक अर्ज तयार झाला. तो पार्लमेंटांत सादर करण्याचें काम जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्ववेत्त्यानें पत्करलें. एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट या दोघी तो गुंडाळा घेऊन गेल्या असतां, इतका मोठा कागद हातांत घेऊन सर्वांच्या देखत उभें राहण्याचा संकोच वाटून, मिल येईपर्यंत त्यांनीं तो एका सफरचंदें विकणाऱ्या बाईच्या टेबलाखालीं लपवून ठेवला, अशी गोष्ट सांगतात. त्या अर्जामागून अर्ज गेले, हजारों सह्या झाल्या, ठराव मांडले गेले आणि पडले. चाळीस वर्षें हा क्रम चालला. कागदावरची सही किती सहज दप्तरांत पडून राहते, याचा अनुभव इंग्लंडच्या स्त्रियांनीं इतका घेतला कीं, पुढच्या पिढीला कागदाचा वीट आला.

ही पुढची पिढी दोन मार्गांनीं गेली. मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखालीं १८९७ पासून चालू असलेला मताधिकार-संस्थांचा राष्ट्रीय संघ सनदशीर मार्गानें चालत राहिला. आणि एमेलिन पँखर्स्ट व त्यांच्या कन्या यांनीं १९०३ सालीं मँचेस्टर येथें स्थापन केलेल्या 'स्त्रियांच्या सामाजिक व राजकीय संघा'नें दंडेलीचा मार्ग धरला. मार्ग भिन्न, परंतु दोघींच्याही हातांत एक वस्तु समान होती, आणि ती म्हणजे भरलेलें निशाण.

१९०७ सालीं मेरी लाउंड्स या रंगीत कांचेवर चित्रें काढणाऱ्या कलावतीनें आपल्यासारख्या इतर स्त्रियांना घेऊन कलावंतांचा एक मताधिकार-संघ काढला. १९०८ च्या जून महिन्याच्या १३ तारखेस सनदशीर पक्षाच्या हजारों स्त्रिया टेम्स नदीच्या कांठापासून आल्बर्ट हॉलपर्यंत चालत गेल्या, त्या वेळीं त्यांच्या डोक्यांवर या संघानें आंखलेलीं व अनेकींनीं मिळून शिवलेलीं निशाणें फडकत होतीं. कांहींवर गांवांचीं नांवें होतीं, कांहींवर धंद्यांचीं. परंतु पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत भरलीं तीं निरनिराळ्या काळांतील कर्तबगार स्त्रियांच्या नांवांचीं निशाणें. जोन ऑफ आर्क, मेरी वुलस्टनक्राफ्ट, जेन ऑस्टेन, खगोलशास्त्रज्ञ कॅरोलाइन हर्शेल, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, आणि त्या वेळीं हयात असलेल्या मेरी क्यूरी अशीं तीं नांवें होतीं. पुरुषांच्या मिरवणुकींत राजे आणि सेनापति यांचीं नांवें असावयाचीं. येथें प्रथमच स्त्रियांनीं आपली स्वतःची वंशावळ रस्त्यावर आणली. या मालिकेंत व्हिक्टोरिया राणीच्याही नांवाचें निशाण होतें, ही त्यांतली गंमत. राणीसाहेबांना स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीचा मनस्वी तिटकारा होता, आणि तो त्यांनीं १८७० सालीं एका पत्रांत फार कडक शब्दांत लिहूनही ठेवला होता. पण मृतांचें नांव कोणीं कोणत्या कापडावर भरावें, हें मृतांच्या हातीं नसतें.

त्यानंतर आठ दिवसांनीं, रविवारीं, २१ जून रोजीं, पँखर्स्ट यांच्या संघानें हाइड पार्कांत प्रचंड सभा भरविली. जांभळा, पांढरा व हिरवा हे तीन रंग याच प्रसंगापासून त्या पक्षाची खूण झाले. सुमारें तीस हजार स्त्रिया मिरवणुकीनें गेल्या, निशाणें सातशेंच्या घरांत होतीं, आणि जमलेल्या गर्दीचा अंदाज तीन लाखांच्या आसपास करण्यांत आला.

या निशाणांचें राजकीय कार्य काय होतें, याचा शांतपणें विचार केला पाहिजे. मत मागणाऱ्या बाईविषयीं विरोधकांची टीका ठरलेली असे. तिच्या घरांत चूल पेटत नाहीं, मुलें रडत असतात, नवऱ्याचे मोजे फाटलेले असतात. ती बाईपणाला पारखी झाली आहे, असें चित्र टपालाच्या कार्डांवर छापून विकलें जात असे. रेशमावर नाजूक भरतकाम केलेलें निशाण हें त्या टीकेला न बोलतां दिलेलें उत्तर होतें. ज्या हातांना तुम्हीं सुई धरावयास शिकविलें तेच हे हात, आणि तुम्ही शिकविलेलेंच काम हें, असें तें निशाण सांगत होतें. उत्तर चतुर होतें यांत संशय नाहीं. तथापि त्यांत एक उणेपण होतें. आम्ही सुगरण आहों म्हणून आम्हांला मत द्या, असा जर युक्तिवाद झाला, तर जी सुगरण नाहीं तिचें काय? आणि लंडनच्या पूर्व भागांतील अंधाऱ्या खोल्यांतून सदरे शिवून पोट भरणाऱ्या ज्या हजारों बायका, त्यांना सुई म्हणजे कुलीनपणाचें भूषण नव्हतें. ती भूक होती. मत हा मनुष्याचा हक्क असेल तर तो भरतकामाच्या सुबकतेवर अवलंबून असतां कामा नये. म्हणून आमच्या मतें या चळवळींतील सुईचें खरें तेज मिरवणुकींतल्या निशाणांवर नव्हे, तर तुरुंगांतल्या त्या वेड्यावांकड्या सह्यांत आहे.

तुरुंगाची गोष्ट अशी. १९०९ च्या जुलै महिन्यांत मॅरियन वॉलेस डनलॉप या शिल्पी व चित्रकार बाईनें, आपणांस राजकीय कैद्याचा दर्जा मिळावा म्हणून हॉलोवे तुरुंगांत अन्न वर्ज्य केलें. एक्क्याण्णव तासांनंतर तिला सोडून देण्यांत आलें. तिचा अपराध एवढाच कीं, प्रजेच्या हक्कांच्या जुन्या सनदेंतील एक वाक्य तिनें पार्लमेंटाच्या इमारतींतील भिंतीवर उमटविलें होतें. तिचा कित्ता इतरांनीं गिरविला. तेव्हां त्याच सालच्या सप्टेंबरपासून सरकारनें नाकांतून किंवा तोंडांतून नळी घालून बळजबरीनें अन्न पोंचविण्याचा उपाय काढला. ज्यांना हा प्रकार सोसावा लागला त्यांचीं वर्णनें वाचवत नाहींत.

पुढच्या वर्षीं ग्लासगोच्या कलाशाळेंत भरतकाम शिकविणाऱ्या ॲन मॅकबेथ या बाईनें एक चौघडी तयार केली. उपोषण केलेल्या ऐशीं स्त्रियांच्या सह्या भरलेले कापडाचे ऐशीं तुकडे तिनें एकत्र जोडले. ही चौघडी ग्लासगो येथें १९१० च्या एप्रिलमध्यें भरलेल्या बाजारांत विक्रीस ठेवण्यांत आली आणि एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनीं ती दहा पौंडांस विकत घेतली. पुढें त्याच वर्षीं जूनच्या मिरवणुकींत ती निशाण म्हणून लंडनच्या रस्त्यांतून नेण्यांत आली. चौघडी ही पांघरावयाची वस्तु. आजारी माणसाच्या अंगावर घालण्याची, बाळंतिणीला देण्याची. तिचें निशाण झालें आणि तिच्यावर थोर मृतांचीं नांवें नव्हतीं. ज्यांची प्रकृति अद्याप सांवरली नव्हती अशा जिवंत स्त्रियांचीं होतीं.

नांव हेंच या लढ्याचें मर्म होतें, याचा पुरावा १९११ सालीं मिळतो. त्या वर्षीं एप्रिलच्या २ तारखेस इंग्लंडांत शिरगणति झाली. मतदारांत आम्ही जमेस नाहीं तर माणसांतही आम्हांला मोजूं नका, असें म्हणून कित्येक स्त्रियांनीं शिरगणतीच्या कागदावर नांव देण्याचें नाकारलें. कोणी रात्रभर घराबाहेर राहिल्या, कोणी कोऱ्या कागदावर निषेध लिहून दिला. सरकारला पाहिजे तेथें नांव द्यावयाचें नाहीं, हा त्यांचा निश्चय. आणि पुढच्याच वर्षीं, जेथें त्यांना क्रमांकानें हांक मारण्यांत येई, जेथें अंगावर सरकारी बाणाची खूण असलेले कपडे चढवीत, त्या तुरुंगाशीं निगडित अशा वस्त्रांवर त्याच पक्षाच्या स्त्रियांनीं आपलीं नांवें जिवापाड श्रमानें भरलीं. वेस्ट होथलीचा रुमाल हा त्यांतला एक. दुसरें एक वस्त्र जेनी टेरेरो या बाईनें भरलेलें आहे, आणि तें लंडनच्या संग्रहालयांत आहे. कांचा फोडल्याबद्दल तिला चार महिन्यांची शिक्षा झाली होती, आणि त्या मुदतींत तिनें उपोषण केलें व बळजबरीचें अन्न सोसलें. तिनें आपल्या वस्त्रावर भरलीं तीं आपल्याबरोबर उपोषण करणाऱ्या सोबतिणींचीं नांवें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. तुरुंगांत कैदी बायकांना शिवणकाम व विणकाम हें शिक्षेचें काम म्हणून दिलें जात असे. म्हणजे शाळेंत जी सुई शिस्तीचें साधन होती, तीच येथें दंडाचें साधन झाली होती. त्याच सुईनें त्या स्त्रियांनीं सही केली. ही सही १८६६ च्या अर्जावरच्या सहीहून निराळी आहे. अर्जावरची सही कोणाच्या तरी पुढें ठेवावयाची असते. तिला मान्य करणारा किंवा नाकारणारा कोणी असावा लागतो. रुमालावरची सही कोणापुढें ठेवलेली नाहीं. ती विनंति नव्हे, साक्ष आहे: आम्ही येथें होतों, आमचीं नांवें हीं, आणि आम्हीं हें जाणूनबुजून केलें. शाईनें एका क्षणांत होणारी सही टांक्यांनीं करूं गेल्यास तिला बराच वेळ लागतो. प्रत्येक अक्षराच्या वळणाशीं सुई आंत जाते आणि बाहेर येते. तितका वेळ त्या बाईला आपल्या नांवाशीं एकटें बसावें लागतें. मुलगी असतांना दुसऱ्याच्या उपदेशाखालीं जें नांव तिनें भरलें होतें, तेंच नांव येथें तिनें पुन्हा भरलें. मात्र या वेळीं वर कोणाचा उपदेश नव्हता.

सुईनें इंग्लंडच्या स्त्रियांस मत मिळवून दिलें, असें म्हणणें हा इतिहासाशीं अन्याय होईल. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें, पँखर्स्ट यांनीं चळवळ थांबविली, युद्धांत स्त्रियांनीं कारखाने चालविले, आणि फॉसेट यांच्या पक्षानें चिकाटीनें वाटाघाटी चालू ठेवल्या. या सर्वांचें फळ म्हणून १९१८ सालीं तीस वर्षांवरील व कांहीं मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या सुमारें चौऱ्याऐंशीं लाख स्त्रियांस मत मिळालें. पुरुषांच्या बरोबरीनें, म्हणजे एकविसाव्या वर्षीं, मत मिळावयास १९२८ साल उजाडावें लागलें. परंतु हक्क मिळतो तो कायद्यानें; आणि आपण हक्काला पात्र आहों ही जाणीव त्याच्या आधीं मनांत यावी लागते. ती जाणीव कशी आली याचा कागद शोधावयाचा असेल, तर तो कापडाचाच निघतो.

या चळवळीचे धागे आपल्या देशापर्यंत पोंचलेले आहेत. १९११ च्या जूनमध्यें राज्यारोहणाच्या निमित्तानें निघालेल्या स्त्रियांच्या मिरवणुकींत कांहीं हिंदी स्त्रिया लुगडीं नेसून चालल्या होत्या. मात्र त्या साम्राज्याच्या देखाव्याचा एक भाग म्हणून होत्या, हें विसरतां येत नाहीं. १९०६ आणि १९०९ या दोन्ही वर्षीं गांधी लंडनला गेले होते; या स्त्रियांच्या तुरुंग पत्करण्याच्या धैर्याची त्यांनीं वाखाणणी केली, आणि पुढें त्यांच्या दंडेलीला नांवेंही ठेवलीं. पुण्यास १९०९ सालीं सेवासदन सुरू झालें. तेथें विधवा व परित्यक्ता बायकांना शिवण शिकविणाऱ्या रमाबाई रानडे यांनींच पुढें मुंबई इलाख्यांत स्त्रियांना मत मिळावें म्हणून चळवळ केली, आणि १९२१ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलानें तो हक्क मान्य केला. एकाच बाईनें सुई आणि मत या दोहोंची कांस धरावी, हा आम्हांस योगायोग वाटत नाहीं.

आणखी एक प्रसंग तर असा आहे कीं, त्यांत सूत हेंच मताधिकाराचें माप झालें. १९२४ च्या डिसेंबरांत बेळगांवच्या काँग्रेसनें गांधींच्या अध्यक्षतेखालीं असा नियम केला कीं, सभासदानें दरमहा दोन हजार वार हातसूत द्यावें. पिढ्यान् पिढ्या ज्या कामाला बायकी म्हणून हिणविलें, तें वकील-डॉक्टरांच्या पात्रतेची कसोटी बनलें. हा नियम फार टिकला नाहीं. १९२५ च्या सप्टेंबरांतच तो सैल करण्यांत आला. पण त्या नियमांत एक पळवाट होती, ती लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्याच्यानें कातवत नसेल त्यानें दुसऱ्याचें सूत आणून द्यावें, अशी सवलत होती. म्हणजे सूत एकीचें आणि नांव दुसऱ्याचें, असें होण्यास दार मोकळें राहिलें.

हें नांवाचें प्रकरण स्वातंत्र्यानंतरही मिटलें नाहीं. १९५१-५२ सालीं आपल्या देशांत पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. जें मिळविण्यास इंग्लंडच्या स्त्रियांस दोन पिढ्या झगडावें लागलें, तें आपल्या घटनेनें एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशीं दिलें. परंतु मतदारांच्या याद्या होऊं लागल्या तेव्हां असें आढळलें कीं, लाखों बायका आपलें नांवच सांगत नाहींत. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेंच सांगतात. अशीं नांवें यादींत ठेवतां येणार नाहींत, असें निवडणूक-आयोगानें ठरविलें. सुमारें आठ कोटि स्त्री-मतदारांपैकीं जवळजवळ अठ्ठावीस लाख स्त्रिया केवळ या कारणानें वगळल्या गेल्या. बहुतेक प्रकार बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान इत्यादि उत्तरेकडील भागांत घडले, हें खरें. परंतु म्हणून आपण महाराष्ट्रीयांनीं फारसें फुशारून जावें असें नाहीं. आपल्याकडे लग्नांत तांदळांनीं भरलेल्या ताटांत अंगठीनें वधूचें नवें नांव लिहिण्याची चाल आहे. नांव तिचें, बोट दुसऱ्याचें. तांदूळ पुन्हा भांड्यांत ओतले कीं तीं अक्षरेंही मोडतात; पण जुनें नांव परत येत नाहीं.

आमच्या घरीं एका जुन्या ट्रंकेंत मातोश्रींच्या शाळेंतला भरतकामाचा एक रुमाल आहे. त्याच्या कोंपऱ्यांत लाल दोऱ्यानें त्यांचें माहेरचें नांव आहे. अक्षरें किंचित् वर चढलेलीं आहेत. लग्नानंतर त्यांनीं आम्हां सर्व भावंडांसाठीं शिवलें, विणलें, रफू केलें. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या तर इतक्या शिवल्या कीं, त्यांतल्या दोन आजही आमच्या नातवंडांच्या अंगावर आहेत. परंतु त्यांपैकीं एकाही वस्तूवर त्यांचें नांव नाहीं. इतकीं वर्षें ही गोष्ट आमच्या कधीं मनांत आली नव्हती. हॉलोवेच्या त्या सह्यांविषयीं वाचल्यानंतर आम्हीं ट्रंक उघडून तो रुमाल बाहेर काढला, आणि त्या नांवानें त्यांना घरांत शेवटची हांक कोणीं मारली असेल, याचा बराच वेळ विचार केला. आमच्या स्मरणांत तरी ती हांक नाहीं.

ज्या घरांत अशा गोधड्या असतील, त्या घरांतल्या मुलामुलींनीं त्या कोणीं शिवल्या हें विचारून घ्यावें, आणि तें नांव त्या गोधडीच्या कोंपऱ्यांत दोन ओळींत भरून ठेवावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे. काम अर्ध्या तासाचें आहे. माहेरचें नांव आठवत असेल तर तेंही भरावें.